घेवड्याची पानं पिवळीधमक पडायलीत, काही मुरडलीत, व्हायरस म्हणायचा की दुसरं काय? (बेळगाव भाग)

काकती_माळ
नमस्कार मंडळी. बारा गुंठे बिन्स लावलाय, बुटका, म्हणजे श्रावण घेवडाच पण आमच्याकडं सगळे बिन्सच म्हणतात. जानेवारीच्या शेवटी टोकणी केली, आज तीस-एकतीस दिवस झाले. पंधरा दिवसांपर्यंत एकदम झकास होता, मग मधे मधे एखादं झाड पिवळं दिसायला लागलं, म्हटलं खताला कमी पडलं असेल म्हणून युरिया टाकला, काय फरक नाही. आता पानावर पिवळेधमक ठिपके पडून ते एकमेकात मिसळायलेत, काही झाडांचं आख्खं पान सोन्यासारखं पिवळं. आणि पश्चिमेच्या बांधाला दोन सऱ्यांत वेगळंच, पान पिवळं नाही पण लांबट अरुंद होऊन पंख्यासारखं झालंय, शिरा सगळ्या सरळ रेघा मारल्यासारख्या. दुकानात पानं दाखवली तर त्यांनी एक बुरशीनाशक, एक टॉनिक आणि एक कीटकनाशक असं तीन मिसळून मारायला दिलं, आतापर्यंत तीन फवारण्या झाल्या आणि खिसा रिकामा झाला. कळी धरायची वेळ आली, काय करू सांगा. शेजारी ऊस आहे, वरच्या अंगाला हुलगा (कुळीथ) होता तो जानेवारीत काढला.

हिरण्यकेशी_काठ
अण्णा, पश्चिमेच्या दोन सऱ्यांचं मी सांगतो, शेजाऱ्यानं उसात तण मारायला 2,4-डी मारलंय का विचारा आधी. आमच्या संकेश्वर बाजूला दरवर्षी कुणाचं ना कुणाचं हे होतंच, उसाला त्या औषधानं काही होत नाही पण वाऱ्यानं उडून घेवडा, चवळी, टोमॅटो, मिरचीवर आलं की पान असंच चिंचोळं होतं. त्याला व्हायरस म्हणून लोक बोंबलत बसतात. पंप न धुता तोच बिन्सला वापरला तरी तसंच होतंय.

काकती_माळ
विचारलं ओ. होय, मारलंय, पंधरा दिवसांपूर्वी, दुपारी वारं असताना. त्यांना माहीतच नव्हतं की एवढं लांब जातं. भांडण नको म्हणून मी पण गप बसलो. पण मग मधल्या पिवळ्याचं काय? ते तर सगळीकडं विखुरलंय.

धारवाड_ॲग्री
नमस्कार, मी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकलोय, आता बैलहोंगल बाजूला असतो. हिरण्यकेशी काठ बरोबर बोललेत. तुमच्या शेतात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्यात आणि म्हणूनच घोटाळा झाला. औषध उडून आलं की एका बाजूची सगळी झाडं एकसारखी बिघडतात, बांधापासून आत जाल तसं कमी होत जातं, आणि मार हलका असेल तर दोन-तीन आठवड्यांनी नवीन पान चांगलं येतं. लोहाची कमतरता असेल तर नवीन पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, आणि तेही चुनखडीच्या जमिनीत पट्ट्या-पट्ट्यानं. व्हायरस तसा नसतो, इथं एक, तिथं एक, शेजारचं झाड एकदम चांगलं, मग आठवड्यात त्या एकाभोवती चार.

पिवळेधमक ठिपके मिसळून सोनेरी होणं म्हणजे पिवळा मोझॅक, आपल्याकडं सोयाबीनला ज्याला हळद्या म्हणतात त्याच कुळातला. पांढरी माशी पसरवते. दक्षिण भारतात फरसबीवर सापडणाऱ्या पिवळ्या मोझॅकमध्ये हुलग्याच्या पिवळ्या मोझॅकचा विषाणू मोठा आहे, त्याचं नावच हुलग्यावरून पडलंय. तुम्ही सांगितलंत वरच्या अंगाला हुलगा होता आणि जानेवारीत काढला, मला वाटतं तिथंच उत्तर आहे. हुलगा वाळला, उपटला, त्यावरच्या माश्यांना हिरवं काही उरलं नाही, आणि नेमकं त्याच आठवड्यात तुमचं कोवळं दोन पानांचं रोप वर आलं. पानं उलटी करून बघा सकाळी सातच्या आत, माशी गार असते तेव्हा उडत नाही, तेव्हा खरा आकडा कळतो.

काकती_माळ
बघितलं आज सकाळी. पानाखाली पांढरं पीठ उडाल्यासारखं. मला आधी कधी उलटं करून बघायचं सुचलंच नाही, दुकानात वरूनच पान दाखवलं. आता औषध कुठलं मारू?

धारवाड_ॲग्री
आता जे सांगतो ते ऐकून वाईट वाटेल. रोगी झाड बरं करणारं औषध नाही. कुठल्याच व्हायरसला नाही. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, टॉनिकनं झाड थोडं हिरवं दिसेल पण विषाणू झाडाच्या पेशीत बसून तिचीच यंत्रणा वापरून वाढतो, त्याला मारायचं म्हणजे पेशी मारायची. फवारणी फक्त माशीसाठी, म्हणजे चांगल्या झाडाला वाचवायला. तुमच्या तीन फवारण्यांत कीटकनाशक कुठलं होतं त्याचा लेबलाचा फोटो टाका.

काकती_माळ
टाकला. कन्नडात आहे सगळं, मला बोलता येतं, वाचायला अडखळतो.

धारवाड_ॲग्री
वाचलं. हे सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक आहे. अळीसाठी ठीक पण पांढऱ्या माशीसाठी नको, उलट माशीला खाणारे मित्रकीटक मरतात आणि माशी आणखी वाढते. तीनदा मारलंत म्हणजे तीनदा तिला मोकळं रान दिलंत. यात तुमची चूक नाही, विकत देणाऱ्यानं पानाची खालची बाजू बघायला हवी होती. कुणालाही पाकिटावरचं, डब्यावरचं कन्नड वाचता येत नसेल तर लाजू नका, इथं फोटो टाका, मी वाचून सांगतो. किंवा होबळीच्या (तालुक्याखालचा गावांचा गट) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, घेऊन जा.

आणि मोजा. पाच ठिकाणी वीस-वीस झाडं, सलग, निवडून नाही. शंभरात किती पिवळी ते सांगा.

निपाणी_पट्टा
आमच्याकडं तंबाखू सोडून मी दोन वर्षं झाली भाजी करतोय, चवळी आणि बिन्स. मला एक कळत नाही, मावा मारला तरी मोझॅक येतोच. गेल्या साली दर आठ दिवसाला फवारलं, शेतात मावा दिसत पण नव्हता, तरी पानं गडद-फिक्या हिरव्या चट्ट्यांची झाली, कडा खाली वळल्या, शेंगा वाकड्या. पिवळं असं नव्हतं, काकतीच्या अण्णांचं वाचून वाटतं माझं वेगळं होतं.

धारवाड_ॲग्री
वेगळंच. तुमचं वर्णन बीन कॉमन मोझॅकचं आहे. पान खाली वाटीसारखं वळणं, शिरेच्या कडेनं गडद हिरवं आणि मधे फिकं. हा माव्यानं पसरतो आणि मुख्य म्हणजे बियाण्यातून येतो.

मावा मारूनही का येतो ते सांगतो, कारण यावरच पैसे सगळ्यात जास्त वाया जातात. माव्याच्या सोंडेच्या टोकाला हा विषाणू नुसता चिकटतो, पोटात जात नाही. रोगी पानावर काही सेकंद टोचलं की चिकटला, पुढच्या झाडावर काही सेकंद टोचलं की उतरला. औषध लागून मावा मरायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. शिवाय हे काम करणारा मावा बऱ्याचदा तुमच्या शेतात राहणारा नसतोच, पंखवाला, वाटसरू, इथं टोचून बघतो, चव आवडली नाही की पुढं, म्हणून तुम्हाला मावा दिसत नाही आणि रोग दिसतो.

पांढऱ्या माशीचं उलटं. तिला रस शोषत काही मिनिटं बसावं लागतं, मग विषाणू तिच्या अंगातून फिरून लाळेत यायला काही तास लागतात, पण एकदा आला की ती बरेच दिवस पसरवत राहते. म्हणून माशीवर वेळेत केलेल्या उपायाचा थोडाफार उपयोग होतो, विशेषतः बीजप्रक्रियेचा, कारण पहिल्या तीन आठवड्यांत लागण झाली तर झाड गेलंच, आणि फुलं-शेंगा धरल्यावर लागली तर नुकसान बरंच कमी. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम या कीटकनाशकाची बीजप्रक्रिया, म्हणजे पेरायच्या आधी बियाण्याला औषध लावणं, लेबलावरच्या प्रमाणात केली तर साधारण तेवढे दिवस रोपाला आधार मिळतो.

निपाणी_पट्टा
म्हणजे माव्याच्या मोझॅकला फवारणी सोडून काय?

धारवाड_ॲग्री
बियाणं शुद्ध, आणि कडेला मका नाहीतर ज्वारीच्या दोन-तीन ओळी, बिन्सच्या आधी दोन-तीन आठवडे पेरलेल्या. उडत येणारा मावा आधी उंच पिकावर उतरतो, तिथं टोचतो, सोंड तिथंच पुसली जाते, कारण मका-ज्वारीला हा विषाणू लागत नाही. मग तो बिन्सवर आला तरी रिकामा. चंदेरी मल्चिंग पेपरचा पण उपयोग होतो, चकाकीनं मावा, माशी बिचकतात, पण वेल पसरून पेपर झाकला की संपलं.

खानापूर_माहेर
मी शेतकरी म्हणण्याएवढी मोठी नाही, परसात आणि भाताच्या बांधाला वेलाचा घेवडा लावते. बियाणं माझ्या आईचं आहे, तिला तिच्या आईनं दिलेलं, पांढऱ्यावर तांबूस रेषा असलेलं, बाजारात असलं मिळत नाही. दरवर्षी राखेत घालून ठेवतो. पण चार-पाच वर्षं झाली पानं चट्टेरी येतात, शेंगा कमी कमी होत चालल्यात. निपाणीच्या भाऊंनी लिहिलं तस्सं, कडा खाली वळतात. मी समजत होते माती थकली. बियाण्यातूनच येतं म्हणताय म्हणजे मीच दरवर्षी रोग साठवून ठेवते का? औषध लावून बी शुद्ध होतं का? हे बी टाकून द्यायचं माझ्यानं होणार नाही.

धारवाड_ॲग्री
ताई, टाकू नका. आधी वाईट ते सांगतो, हा विषाणू बीच्या आत, कोंभातच असतो, त्यामुळं औषध चोळून, राख लावून, ऊन देऊन जात नाही. राख भुंग्यासाठी चांगली, यासाठी नाही. पण चांगली गोष्ट अशी की रोगी झाडाच्या सगळ्या बियांत तो नसतो, आणि जे झाड फुलं येईपर्यंत निरोगी राहिलं आणि नंतर लागण झाली त्याच्या बियांत सहसा उतरत नाही. म्हणजे तुमच्या डब्यात अजून शुद्ध बिया आहेत, फक्त त्या वेगळ्या काढायच्या.

कसं ते लिहितो. यंदा सगळं बी बांधाला लावू नका. पन्नास-शंभर बिया कुंड्यांत किंवा छोट्या वाफ्यात लावा आणि वर बारीक मच्छरदाणीसारखी नायलॉनची जाळी, 40-50 मेशची (इंचाला 40-50 छिद्रं), चारी बाजूंनी मातीत दाबून, मावा आत जायला नको. एका देठाला तीन पानं असलेलं पहिलं पान उघडलं की रोज बघा. जरा जरी चट्टेरी, वळलेलं, खुजं वाटलं की ते रोप उपटायचं, मन घट्ट करून. दोन-तीन आठवड्यांत रोगी बियांची रोपं बहुतेक दिसतातच. उरलेली जाळीतच वाढवा, घेवडा स्वतःच्याच परागानं फळतो त्यामुळं जाळीत शेंगा धरायला अडचण नाही. शेंगा धरताना पुन्हा एकदा बघा, संशय आला तर त्या झाडाचं बी खायला, पेरायला नाही. असं दोन हंगाम करा.

खानापूर_माहेर
खायला चालतं ना पण? घरात लहान मुलं आहेत.

गोवा_भाजीगाडी
मला पण हेच विचारायचं होतं. मी बेळगावहून चोर्ला घाटामार्गे गोव्याला भाजी आणतो, कधीकधी वाकड्या, डाग असलेल्या शेंगा येतात, गिऱ्हाईक विचारतं रोगट आहे का, मुलांना दिली तर काय होईल, मला उत्तर देता येत नाही.

धारवाड_ॲग्री
बिनधास्त खा. झाडाचे हे विषाणू माणसाला, जनावराला लागत नाहीत. वाकडी शेंग दिसायला वाईट, बाजारभाव पडतो, बाकी काही नाही. पोटाला धोका आहे तो औषधाच्या अंशाचा, घाबरून तोडणीच्या आदल्या दिवशी फवारतात त्याचा. लेबलावर फवारणी आणि तोडणीत किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं, बिन्सचा तोडा दर दोन-तीन दिवसाला येतो म्हणून तोडा सुरू झाल्यावर जहाल काही मारूच नये असं मला वाटतं, निंबोळी अर्क, चिकट सापळे यावर भागवावं. आणि मोनोक्रोटोफॉस या जहाल कीटकनाशकाला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी आहे, तरी लोक मागून घेतात, कृपा करून घेऊ नका, ती भाजी आपलीच पोरं खातात.

काकती_माळ
मोजलं. शंभरात अडतीस. पश्चिमेच्या दोन सऱ्या सोडून. कळ्या आत्ता कुठं दिसायलीत. घरी म्हणतात आठ दिवस वाट बघ, एवढा खर्च झालाय.

हिरण्यकेशी_काठ
अण्णा, मला पण सोयाबीनला असंच झालेलं, वाट बघत बसलो आणि शेवटी सगळंच नांगरलं, वर आणखी दोन फवारण्यांचे पैसे गेले.

धारवाड_ॲग्री
हा निर्णय तुमचा, मी नुसतं माझं मत सांगतो. शंभरात पाच-सात असती तर रोज सकाळी उपटा म्हटलं असतं. कळीच्या आधी अडतीस म्हणजे दिसत नसलेली आणखी तेवढीच आतून लागलेली असणार, कारण लागण झाल्यापासून पान पिवळं व्हायला आठ-दहा दिवस सहज जातात. पुढं मार्च-एप्रिलचं ऊन, माशीला पोषक, फुलगळ वेगळी. माझं शेत असतं तर काढलं असतं. आणि काढताना असंच उपटून बांधावर टाकू नका, माश्या उडून दुसऱ्याच्या शेतात जातील, तुमच्या खालच्या अंगाला कुणाचा बिन्स किंवा चवळी असेल तर त्यांचं नुकसान. आधी माशीवर एक बरोबर फवारणी घ्या, बिन्ससाठी शिफारस असलेलंच औषध, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात उपटून पोत्यात भरून खड्ड्यात घाला. झाड मेलं की त्यातला हा विषाणू पण संपतो, मातीत राहत नाही, ती भीती नको. फवारलेलं आहे म्हणून जनावरांना घालू नका.

काकती_माळ
काढलं. काल आणि आज दोन दिवस मी आणि बायको. काय बोलायचं, निम्मी झाडं हिरवीगार होती, हातात घेऊन वाईट वाटलं. खालच्या अंगाला एकाची चवळी आहे, त्यांना जाऊन सांगून आलो की बघत राहा, पान उलटं करून. बारा गुंठ्यांत आता मका टाकतो वैरणीला. पावसाळ्यात परत बिन्स करावा म्हणतो, कुठला वाण घेऊ?

धारवाड_ॲग्री
बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागायती संशोधन संस्था आहे, त्यांचा अर्का अर्जुन हा बुटका वाण पिवळ्या मोझॅकला प्रतिकारक म्हणून दिलेला आहे. अर्का कोमल जुना आणि चांगला, पण त्याला पिवळ्या मोझॅकपासून संरक्षण नाही. त्यांचं ऑनलाइन बियाणं पोर्टल आहे, पोस्टानं येतं. कुठलंही बी घेतलं तरी पाकीट आणि बिल जपून ठेवा, लॉट नंबरसकट. आणि प्रतिकारक म्हणजे एका रोगाला प्रतिकारक, सगळ्यांना नाही, माव्याचा मोझॅक त्यालाही येऊ शकतो म्हणून कडेचा मका सोडू नका.

पावसाळ्यात आपल्याकडं माशी कमी असते, पावसाच्या माऱ्यानं धुऊन जाते, आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे म्हणून हवाही बिन्सला मानवते. त्या हंगामात मोझॅकपेक्षा तांबेरा आणि मूळकूज जास्त त्रास देईल, त्याचा वेगळा धागा काढा. फक्त निचरा बघा.

निपाणी_पट्टा
एक राहिलं, काहींच्या पानावर तपकिरी ठिपके पडून शेंडाच वाळतो ते पण व्हायरसच का? भुईमुगाला शेंडेमर येते तसं दिसतं.

धारवाड_ॲग्री
भुईमुगाच्या शेंडेमरीचा विषाणू शेंगवर्गातल्या इतर पिकांना पण लागतो, फुलकिडे पसरवतात. यात गंमत अशी की फुलकिडा पिल्लू असतानाच रोगी पान खाल्लं तरच तो मोठा झाल्यावर पसरवतो, मोठेपणी खाऊन नाही. म्हणजे जिथं पिल्लं वाढतात ते तण आणि जुनी सोडून दिलेली झाडं हेच मूळ. शेवटचा तोडा झाला की झाडं उभी सोडायची सवय आपल्याकडं फार आहे, बाजार पडला की कुणी बघत नाही, ती उपटली तर अर्धं काम होतं. शेंडेमर नक्की कळायला मात्र नमुना बघायला लागेल, शेंडा कोरड्या कागदात गुंडाळून, ओल्या प्लॅस्टिकमध्ये नाही, कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडला विद्यापीठाच्या वनस्पती रोग विभागात न्या.

खानापूर_माहेर
जाळीचं काम केलं. साठ बिया लावल्या होत्या, चोपन्न उगवल्या. पहिल्या तीन पानांवरच एकोणीस चट्टेरी निघाली, उपटली. नंतर आणखी चार. बाकीची एकतीस एकदम स्वच्छ, इतकं गडद हिरवं पान मी या घेवड्याचं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आईला फोटो पाठवला तर म्हणाली आमच्या वेळी असाच असायचा.

काकती_माळ
ताई, लई बरं वाटलं वाचून. माझं पण सांगतो, जूनमध्ये अर्का अर्जुन टोकला, मे महिन्याच्या शेवटी कडेनं मक्याच्या दोन ओळी, पाच-सहा पिवळे चिकट सापळे, बीजप्रक्रिया केली, रोज सकाळी पानं उलटी करून बघतोय. शेजाऱ्याला सांगितलं उसात मारायचं असेल तर मला आधी सांग आणि वारं नसताना पहाटे मार, त्यानं ऐकलं. आज तेहतीस दिवस, परत शंभर मोजली, दोनच संशयाची निघाली ती काढली, आणि ती पण पिवळी नव्हती, खाली वळलेली.

धारवाड_ॲग्री
ती दोन माव्याच्या मोझॅकची असणार, बियाण्यातून किंवा बाहेरून. अजून पंधरा दिवस रोजचं बघणं सोडू नका.

खानापूर_माहेर
काकतीच्या भाऊंना विचारायचं होतं, जाळीतल्या शेंगा वाळल्या की माझं थोडं बी तुमच्याकडं ठेवाल का, दहा-वीस बिया, वेगळ्या गावात? आमच्याकडं परत रोग आला तर निदान एका ठिकाणी शुद्ध राहील.

काकती_माळ
द्या की ताई. डबा आणि जाळी तयार ठेवतो.